पुन्हा लिहून काढ

होळी जवळ आली की सोलापूरच्या दुपारींना एक शिस्त लागते. परीक्षा केंद्रांजवळची झेरॉक्सची दुकाने बंद होतात. पारदर्शक पाकिटात पट्टी, दोन पेने आणि प्रवेशपत्र घेतलेली मुले सावलीच्या बाजूने, भिंतीला धरून चालतात. आमच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट तेवढा थांबत नाही. परंतु ज्या घरात दहावी-बारावीचे मूल असते, त्या घरासमोर रिक्षावालेसुद्धा हॉर्न आवरतात. कडुनिंबाला तांबूस कोवळी पाने आलेली असतात आणि त्यांच्या कडवट वासात, निदान माझ्यापुरता, आणखी एक वास मिसळलेला असतो. तो सुतळीने बांधलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचा. कागद, खळ आणि कित्येक घामेजलेले तळहात यांचा तो एकत्रित वास असावा, अशा निष्कर्षाला मी बऱ्याच वर्षांनी आले.

निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. आता माझ्याकडे गठ्ठे येत नाहीत. तरीही मार्च लागला की मी लाल शाईचे एक पेन विकत आणते, ते टेबलावर ठेवते आणि एप्रिल सरला की शेजारच्या मुलांना देऊन टाकते. यंदा मात्र पेन आणल्याच्या तिसऱ्याच दिवशी टपालाने एक जाड पाकीट आले. पाठवणारीचे नाव वाचून मी ते न फोडता बाजूला ठेवले. त्या नावाबरोबर माझ्या नोकरीतला अखेरचा परीक्षाहंगाम परत आला होता, आणि त्या हंगामात माझ्या हातून झालेली एक चूक.

नाव सुवर्णाचे होते. ती मोहोळहून एसटीने शाळेत येई. तिचे वडील एसटीत वाहक होते, त्यामुळे उशीर झाला तर ‘गाडी लेट होती’ हे कारण ती कधीच देत नसे. वडिलांच्या खात्याला बोल लागू द्यायचा नाही, असा तिचा बाणा होता. आठवी ते दहावी मी तिला मराठी शिकवले.

निबंध तपासण्याची माझी एक पद्धत होती, ती येथेच सांगितली पाहिजे. जे बरोबर असेल त्याच्या बाजूला मी फक्त एक बारीक खूण करीत असे. जे चुकले असेल त्याविषयी लिहीत असे. शाई चुकीसाठी असते, असे मला माझ्या शिक्षकांनी शिकवले होते आणि मी ते तसेच पुढे चालवले. सर्वसाधारण निबंधाखाली गुण आणि सही, एवढेच. परंतु एखाद्या निबंधात जीव असेल आणि लिहिणाऱ्याच्या घाईमुळे तो वाया जात असेल, तर मी खाली तीन शब्द लिहीत असे : ‘पुन्हा लिहून काढ.’ वर्षभरात चारदोन मुलांनाच हा शेरा मिळे. मिळाला की मुले हिरमुसत. तो शेरा म्हणजे काय, हे मी कधी कुणाला समजावून सांगितले नाही. ज्याचे त्याला कळेल, असे मी धरून चालले. सुवर्णाला तो तीन वर्षांत सात वेळा मिळाला आणि सातही वेळा तिने निबंध पुन्हा लिहून आणला.

त्या शेवटच्या मार्चमध्ये आम्ही शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बसून पेपर तपासत होतो. माझ्या शेजारच्या बाकावर शिंदे सर असत. तेही मोहोळचे, भूगोलाचे. एके दुपारी दारात सुवर्णा उभी राहिली. चौतिशीची झाली होती, केसांत एकदोन पांढरे, पण आत येण्यापूर्वी ‘येऊ का’ असे विचारण्याची पद्धत तीच. तिने एक चित्रपट केला होता. लेखन तिचे, दिग्दर्शनही तिचे. चार वर्षे त्यात गेली होती. नाव होते ‘पाच पंधराची माढा’.

गोष्ट साधी होती. सोलापूरहून सव्वापाचला सुटणाऱ्या माढ्याच्या गाडीवर मंगल नावाची वाहक. त्याच गाडीने रोज जाणारा, मोबाईल दुरुस्त करणारा एक तरुण. तो दररोज एक थांबा कमी अंतराचे तिकीट काढतो, म्हणजे तो थांबा आला की मंगलला पुन्हा त्याच्याकडे यावे लागते. तिला हे ठाऊक आहे आणि आपल्याला ठाऊक आहे हे ती दाखवत नाही. दोन तासांचा चित्रपट या एवढ्या गोष्टीवर उभा होता.

परीक्षांच्या दिवसांत मोठे चित्रपट लागत नाहीत, म्हणून तिला सोलापुरात एक पडदा मिळाला होता. दुपारी साडेतीनचा एकच खेळ, शुक्रवार ते गुरुवार. दुसऱ्या आठवड्यासाठी सोलापूरने ठेवला तर बार्शी, पंढरपूर, लातूर येथे तो लागणार होता. नाही ठेवला तर कोठेही नाही. सोलापूरच्या पोरीचा चित्रपट सोलापूरकरांनीच काढून टाकला तर आम्ही का घ्यावा, असे वितरकाने तिला तोंडावर सांगितले होते. हे सगळे ती एखाद्या धड्याचा सारांश सांगावा तसे क्रमाने सांगत होती. शेवटी तिने शनिवारच्या खेळाचे तिकीट माझ्यासमोर ठेवले.

“बाई, बघा आणि लिहून द्या,” ती म्हणाली. “तोंडी नको. निबंधावर द्यायचात तसं.”

शिंदे सरांनी चष्म्यावरून पाहिले. “पोरी, बाईंच्या हातात लाल पेन देऊ नगंस. गेल्या साली माझ्या रजेच्या अर्जातल्या चुका काढल्या त्यांनी. रजा मिळाली, पण आजारपण निघून गेलं की.”

ती हसली, मीही हसले. तिकीट मी उत्तरपत्रिकांच्या वेष्टनात जपून ठेवले.

शनिवारी मी गेले. अंधारात लिहिण्याची सवय नसल्याने फुलस्केप कागदाची घडी, पेन्सिल आणि पदराआड धरलेला मोबाईलचा उजेड, अशी व्यवस्था केली होती. पहिल्या अर्ध्या तासातच मागच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, “ओ मावशी, तेवढा उजेड बंद करा की. पिच्चर बघायला आलाव का पेपर लिवायला?” मी उजेड कमी केला, बंद केला नाही.

मध्यंतरात मी कान उघडे ठेवून उभी होते. एखाद्या परीक्षेनंतर वर्गाबाहेर जशी मुले उत्तरे पडताळतात, तसेच चालले होते. दोन महाविद्यालयीन मुले पॉपकॉर्नच्या रांगेत होती. एकाचे म्हणणे असे, की आपलेच स्टँड, आपलीच भाषा, यात पैसे देऊन बघण्यासारखे काय. शिवाय हिरोइन त्याला त्याच्या आत्यासारखी दिसत होती. दुसरा म्हणाला, “मग तुझ्या आत्याला प्रेम व्हायचंच न्हाय, असं हाय का काय?” रांगेतले तिघे-चौघे हसले. एका निवृत्त वाहकाला गाडी सोडण्याची दुहेरी घंटी चुकीच्या वेळी दिल्याचे खटकले होते, आणि ती चूक एवढी मोठी होती की पुढचे त्याला दिसतच नव्हते. एक आई मात्र या वादात पडली नाही. बारावीची मुलगी घरी अभ्यास करीत असताना आपण येथे हसत बसलो, याची बोचणी लागल्याचे तिने सोबतच्या बाईला सांगितले आणि मध्यंतर संपायच्या आधीच परत जाऊन जागेवर बसली.

आमच्या शेजारच्या लक्ष्मीअक्का सुनांना घेऊन आल्या होत्या. त्यांचे घर तेलुगू, मागांवर काम करणारे. त्यांची मराठी सोलापुरी वळणाची आणि निकाल देणारी. बाहेर पडताना त्यांनी मला थांबवले. प्रेम चांगले होते, असे त्यांचे मत पडले. पोरगा गरीब होता, पोरगी कामाची होती. “पण दोन तासांत कुणी धड जेवलं नाही, बाई. एक भाकरी नाही, चटणी नाही. असं उपाशी पोटी कुठं प्रेम होतं का?”

त्या संध्याकाळी घरी येऊन मी पेन्सिलीची टिपणे लाल शाईने फुलस्केपवर उतरवली. एकंदर अकरा मुद्दे निघाले. दुहेरी घंटी होतीच. मोहोळ स्थानकातले घड्याळ आणि संवादातली वेळ जुळत नव्हती, हा तिसरा मुद्दा. चौथा असा : ‘शेटफळ फाट्यावर मंगल गाडी थांबवून धरते, त्यास कोणतेही कारण दाखवलेले नाही. प्रेक्षकाने समजून घ्यावे ही अपेक्षा गैर आहे.’ नायकाच्या मित्राचे विनोद लांबलेले, डाळिंबाच्या बागेतला प्रसंग अनावश्यक, अशी यादी पुढे जात होती. मजकूर स्वच्छ, समास सोडलेला. डावीकडे काही ठिकाणी, तेथला प्रसंग जमला आहे म्हणून, बारीक खुणा. शेवटी क्षणभर थांबून, पूर्ण जबाबदारीने मी तीन शब्द लिहिले. पुन्हा लिहून काढ. खाली सही.

वीस वर्षांपूर्वी मी हे शब्द तिच्यासाठी लिहिले तेव्हा मला जो आनंद होई, तोच त्या संध्याकाळी झाला होता. रविवारी सकाळी ती येऊन कागद घेऊन गेली. दारातच वाचला. शेवटच्या ओळीवर आली तेव्हा तिचे डोळे भरले, आणि ते कशाने भरले याबद्दल तिलाही शंका नव्हती आणि मलाही.

पुढची गोष्ट मला सोमवारी दुपारी कळली. शिंदे सर त्या दिवशी बाकावर बसले नाहीत, उभे राहिले. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. पडद्यावर माझे अक्षर होते. सुवर्णाने अभिमानाने तो कागद माजी विद्यार्थ्यांच्या गटावर टाकला होता आणि वर लिहिले होते, ‘बाईंनी तपासून दिलं.’ एखादे पदक मिळाल्यावर माणूस जसे दाखवतो, तसे. तेथून कुणी तो दुसऱ्या गटावर नेला, तिथून तिसऱ्या. रविवारच्या दुपारपर्यंत तो आमच्या गल्लीत पोचला होता. गावातल्या बातम्या देणाऱ्या एका मोबाईल वाहिनीने माझी सही ठळक करून शीर्षक दिले होते : अकरा चुकांचा चित्रपट. खाली लोकांनी लिहिले होते, बाईंनीच नापास केलं म्हटल्यावर विषय संपला.

“बाई,” शिंदे सर हळू आवाजात म्हणाले, “तुमी पोरीला वर्गाबाहेर उभं केलंत. आन् अख्ख्या गावासमोर.”

मी म्हणाले, त्या कागदावरचा एकही शब्द खोटा नाही.

“मी खोटा म्हणतच न्हाय. मी पिच्चर बघून रडलोय, ते त्या कागदात कुटं हाय, तेवढं दावा.”

मी कागदाची झेरॉक्स ठेवून घेतली होती, ती पर्समधून काढून पुन्हा पाहिली. ज्या प्रसंगाला ते रडले असतील, त्याच्या डावीकडे समासात माझी बारीक खूण होती. मोबाईलच्या फोटोत ती दिसतही नव्हती. पुढे पाठवताना कुणीतरी समास कापून टाकला होता.

त्या दिवशी मी नेहमीच्या निम्म्या उत्तरपत्रिका तपासल्या. ज्या तपासल्या, त्याही दोनदा पाहिल्या. एकाच उत्तराला दोन परीक्षक वेगवेगळे गुण देतात, हे या कामातले रोजचे वास्तव आहे. म्हणून तर नियामक असतो आणि त्याच्याकडे आदर्श उत्तरसूची असते. चित्रपटाला उत्तरसूची नसते. मी एक वही घेतली आणि कानावर आलेली मते दोन रकान्यांत लिहून काढू लागले, काही सरासरी निघते का ते पाहण्यासाठी. जे एका रकान्यात दोष म्हणून पडे, तेच शब्द दुसऱ्या रकान्यात गुण म्हणून येत. आमच्यासारखीच माणसे आहेत, म्हणून आवडला नाही. आमच्यासारखीच माणसे आहेत, म्हणून आवडला. आमची बोली आजवर पडद्यावर नोकराच्या तोंडी असायची, ती नायिकेच्या तोंडी ऐकून बरे वाटले, असे एका परिचारिकेने लिहिले होते. तिच्याच खाली एकाने लिहिले होते, की पुण्या-मुंबईच्या लोकांनी हसावे म्हणून आमची बोली वापरली आहे. दोघेही मनापासून बोलत होते. वही मी मिटली.

मंगळवारी मी सुवर्णाला फोन केला. पहिल्या तीन दिवसांत भरत आलेले चित्रपटगृह सोमवारी निम्म्याहून कमी झाले होते आणि त्या दुपारी केवळ बावीस माणसे होती. व्यवस्थापकांनी तिला स्पष्ट सांगितले होते : गुरुवारच्या खेळाला साठ माणसे आली तर शुक्रवारपासून ठेवू. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच मला बोलणे अवघड जात होते.

“कागद मीच टाकला ना, बाई. तुमचं काय चुकलं? मला वाटलं, वाचणाऱ्यांना कळेल.”

“कुणाला कळेल?”

“ज्यांना तुम्ही कधी पुन्हा लिहायला लावलंत, त्यांना.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. वर्षाला चारदोन. बत्तीस वर्षे. सगळे मिळून एक वर्ग भरेल, दीड वर्ग. आणि बाकीचे हजारो विद्यार्थी, ज्यांच्या वहीत मी फक्त चुका लिहिल्या होत्या आणि ज्यांना माझ्या बारीक खुणा कधी दिसल्याच नसतील, ते सगळे आज या गावात राहत होते. त्यांना माझे अक्षर ओळखता येत होते. त्या अक्षराने त्यांना आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली होती.

बुधवारी मी तपासणीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. नोकरीतली परीक्षाकाळातली ती माझी पहिलीच रजा. अर्ज शिंदे सरांनी वाचला आणि कोणतीही चूक न काढता मुख्याध्यापकांकडे दिला. साडेतीनच्या खेळाला मी पुन्हा जाऊन बसले. या वेळी कागद पर्समध्येच ठेवला. माणसे इतकी विखुरलेली होती की कुणी हसले तर त्या हसण्याला सोबत मिळत नव्हती. ते अर्ध्यावर थांबे. विनोदी चित्रपट रिकाम्या खुर्च्यांसमोर पाहणे ही शिक्षा असते, हे मला त्या दुपारी समजले.

मोहोळ स्थानकाचा प्रसंग आला. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटे, संवादात सहाला दहा कमी. तिसरा मुद्दा बरोबर होता. परंतु या वेळी माझी मान खाली नव्हती. घड्याळावरून दृश्य सरळ गाडीत गेले. खिडकीजवळची नऊ क्रमांकाची जागा रिकामी होती आणि तिच्यावर त्या तरुणाची हत्यारांची खाकी पिशवी होती. तो पाणी आणायला उतरला होता, गाडी सुटली होती, पिशवी राहिली होती. मंगलची नजर पिशवीवर जाते. ती काही बोलत नाही. सुटे पैसे मोजत ती पुढच्या प्रवाशाकडे वळते, आणि शेटफळ फाटा येतो तेव्हा घंटीची दोरी हातात धरून उभी राहते, ओढत नाही. चालक आरशातून पाहतो. प्रवासी कुरकुरतात. मग मागून धुळीत एक दुचाकी येताना दिसते.

सर्व कारण तेथे होते. शनिवारी त्या क्षणी मी पदराआडच्या उजेडात घड्याळाची चूक लिहीत होते.

परीक्षकाच्या हातून होणाऱ्या चुकांत सर्वांत गंभीर चूक कोणती, असे नवे शिक्षक विचारत तेव्हा मी ठरलेले उत्तर देत असे : बेरीज चुकणे नव्हे, पान न तपासता उलटणे. बेरीज कुणीही दुरुस्त करू शकतो. न पाहिलेल्या पानावर मुलाने काय लिहिले होते, हे कुणालाच कळत नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हातून असे पान राहिले नव्हते. शनिवारी राहिले. समोर मंगल, दुचाकीवरून उतरलेला तरुण पाहून, चेहरा कोरडा ठेवत विचारते, “पुढचं तिकीट?” आणि माझ्या दोन रांगा पुढे बसलेली एकटीच मुलगी मोठ्याने हसते. मला तिच्यासोबत हसायचे होते.

घरी येऊन मी अकरा मुद्द्यांची झेरॉक्स समोर घेतली. उत्तरपत्रिकेत गुण बदलायचे झाले तर एक नियम असतो. जुना आकडा गिरगटून नाहीसा करायचा नाही. तो वाचता येईल असा एका रेघेने कापायचा, शेजारी नवा लिहायचा आणि सही करायची, म्हणजे कुणी बदलले आणि काय बदलले हे दिसत राहते. चौथ्या मुद्द्यावर मी अशी एक रेघ मारली. शेजारी लिहिले, ‘पिशवी मी पाहिली नव्हती. चूक परीक्षकाची.’ सही केली.

नंतर दुसरा कोरा कागद घेतला. वर लिहिले, ‘बरोबर असलेले.’ आणि अडले. चुकीसाठी माझ्याकडे शब्दांचा मोठा साठा होता : विसंगत, अनावश्यक, पाल्हाळ, अस्पष्ट. बरोबर असलेल्यासाठी एक खूण होती, आणि खुणेचे शब्द करायची सवय नव्हती. ‘चांगले आहे’ असे लिहिले आणि खोडले. हे कोणत्याही निबंधाखाली चालले असते. शेवटी चित्रपटात जे दिसले तेच लिहिले. नाण्यांनी काळवंडलेली मंगलची बोटे. तिकीट एक थांबा कमी घेताना तो वर पाहत नाही हे. दोरी हातात धरून न ओढणे. कुणाची टर न उडवता हसवणे. शेवटी तो पहिल्यांदाच माढ्यापर्यंतचे पूर्ण तिकीट मागतो आणि ती त्याला तिकीट देताना हात मागे घ्यायला विसरते. तेरा ओळी झाल्या. तिच्या एकाही निबंधावर मी इतके लिहिले नव्हते. अखेरीस, ‘पुन्हा लिहून काढ’ म्हणजे माझ्या वर्गात काय असे, तेही मी एका वाक्यात लिहिले. बत्तीस वर्षे उशीर झाला होता.

गुरुवारी सकाळी शिंदे सरांनी दोन्ही कागदांचे फोटो काढले. समास कापला नाही. ते त्यांनी गटावर टाकले आणि आम्ही गठ्ठे उघडून बसलो. चुकांचा कागद अर्ध्या दिवसात गावभर झाला होता. या कागदाकडे दहा वाजता नऊ जणांनी पाहिले होते, बारा वाजता तीस. दुपारी दोनला एका जुन्या विद्यार्थिनीने लिहिले, ‘मलाही सहावीत मिळाला होता हा शेरा. आज कळला.’ शिंदे सर ते वाचून खिडकीकडे वळले आणि बराच वेळ बाहेरच्या कडुनिंबाची पाहणी करीत राहिले.

साडेतीनला आम्ही दोघे चित्रपटगृहात पोचलो. लक्ष्मीअक्का पुन्हा आल्या होत्या; या वेळी डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन, कारण पडद्यावर कुणी जेवत नाही तर निदान आपण जेवावे. दुपारी पेपर देऊन सुटलेल्या चार मुली होत्या. तो निवृत्त वाहक होता. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण कार्यालयातून निघून आले होते, त्यांच्या गळ्यात अजून ओळखपत्रे होती. सुवर्णा दाराशी उभी होती आणि ओठ न हलवता मोजत होती. मीही मोजत होते. खेळ सुरू होऊन वीस मिनिटे झाली तेव्हा व्यवस्थापक बाहेर आले. बागवान त्यांचे आडनाव. गृहस्थ सभ्य होते.

“सत्तेचाळीस,” ते म्हणाले. “तेरा कमी पडले, बाई.”

आतून हसण्याचा आवाज आला. भरघोस, सोबत मिळालेले हसू. तिकिटाचा पहिला प्रसंग असणार.

ज्या मुलाला उत्तीर्ण व्हायला थोडेच गुण कमी पडतात, त्याला काही वाढीव गुण देण्याची तरतूद असते. मी त्या तरतुदीचा वापर नियमानुसार केला होता. पण कुणासाठी कुणाकडे मागायला मात्र कधी गेले नव्हते. मागणे मला पसंत नव्हते. त्या व्हरांड्यात, हातात पर्स धरून, मी बागवानांकडे वळले आणि म्हणाले, की माझ्या एका कागदाने हे तेरा घालवले आहेत, तेव्हा ते माझ्याकडून धरावेत आणि हिला ग्रेसने पास करावे. बागवानांनी खाली पाहिले. ते विचार करीत होते, हे मला दिसत होते.

सुवर्णाने माझ्या हातावर हात ठेवला.

“ग्रेस नको, बाई,” ती म्हणाली. “पुन्हा लिहून काढते.”

शुक्रवारी त्या पडद्यावर दुसरा चित्रपट लागला. बार्शी झाली नाही, पंढरपूर झाले नाही, लातूर झाले नाही. चार वर्षांचे काम सात दिवसांत उतरले, आणि त्यातला माझा वाटा किती, याचे गणित मी अनेक दुपारी मांडून पाहिले आहे. कदाचित सोमवारी तसेही लोक कमी आले असते. परीक्षांचे दिवस होते. कदाचित. परीक्षकाने स्वतःच्या बाजूने असे ‘कदाचित’ वापरू नये.

आज दुपारी मी ते पाकीट फोडले. नव्या चित्रपटाची संहिता आहे, शंभरावर पाने. प्रत्येक पानाला डावीकडे रुंद समास सोडलेला आहे, शाळेत आखायला लावीत असे त्यापेक्षाही रुंद. वर एक चिठ्ठी : ‘बाई, बरोबर असेल तिथंही लिहा. फक्त खूण नको.’ बाहेर मागांचा खडखडाट चालू आहे. लक्ष्मीअक्कांच्या नातवाची दहावी आहे, त्यामुळे त्यांच्याकडचा टीव्ही गप्प आहे. मी लाल पेनाचे टोपण लावलेलेच ठेवले आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा नुसते वाचले. मान वर ठेवून.

मग परत मागे आले. चौदाव्या पानावर, एक म्हातारी आपल्या मुलाच्या होणाऱ्या बायकोला न बोलता ताटातली अर्धी भाकरी देते. या वेळी माणसे जेवत आहेत. मी टोपण काढले. समासात, पूर्ण शब्दांत लिहिले, ‘हे बरोबर आहे’, आणि का बरोबर आहे ते लिहायला सुरुवात केली.